पुसलेली नाकं

दिवाळी झाली की आमचं घर घोड्यावर चढायचं. राहायचं पाल, भांडी, दोन घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसवलेलं घरातलं सगळ्यात धाकटं पोर. बाकीचे पायी. मेंढरं पुढं, कुत्री बाजूनं आणि सगळ्यांच्या मागं आई. घाटाकडं जाताना आणि पाऊस जवळ आल्यावर पुन्हा भीमेकाठी येताना, वर्षातले सात-आठ महिने आम्ही चालतच असू. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची तो शेतकरी धान्य द्यायचा. कधी चांगलं, कधी किडकं. किडकं निघालं तरी बोलायची सोय नव्हती, पुढच्या साली त्याच्याच रानात बसायचं असायचं.

लोकांना या जगण्यात काहीतरी मोकळं, रानातलं सुख दिसतं. मला आठवतो तो शेंबूड. थंडीत उघड्या माळावर पालाच्या एका कापडाखाली आम्ही पाच पोरं आणि आजारी कोकरं एकत्र झोपायचो. कोकरांची नाकं वाहायची, आमचीही वाहायची. सकाळी वरच्या ओठावर ते वाळून कडक झालेलं असायचं आणि हसलं की चिरायचं. म्हणून सकाळी आम्ही हसत नसू.

माझ्या पाठची बहीण अशाच एका थंडीत गेली. छातीचा भाता व्हायला लागला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. आमच्याकडं त्याला ‘डबा’ म्हणतात. आईनं बिब्बा तापवून तिच्या छातीवर डाग दिले. दवाखाना होता, पण तो मागं राहिलेल्या गावात, आणि मेंढरं पुढं निघाली होती. यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहायला लागले की मला राग येतो तो आईचा नाही, त्या पुढं निघालेल्या मेंढरांचा, आणि मेंढरांवर रागावण्यात काही अर्थ नाही.

पुढं दादांनी, म्हणजे वडिलांनी, मेंढरं विकली. वडगाव रासाईच्या बाजूला आजोबांच्या वाटणीचा एक खडकाळ तुकडा होता, त्यावर छप्पर घातलं. आम्ही शेतकरी झालो, म्हणजे दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागलो. मला शाळेत घातलं. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्याकडं पाहिलं, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, “ही शेंबडी दाराजवळ बसू दे.” चौथी होईपर्यंत मी दाराजवळच बसले. आईला हे कळल्यावर ती रोज सकाळी माझं डोकं मांडीत दाबून धरायची आणि लुगड्याच्या पदरानं नाक असं पुसायची की कातडं सोलायचं.

दाराजवळ बसूनच मी शिकले. शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, वनस्पतिशास्त्र घेऊन. आमच्या वस्तीवरची ती पहिली पदवी, मुलांतली आणि मुलींतलीही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. नम्रपणाचं ढोंग मला जमत नाही.

पदवी झाली आणि वर्षभर काहीच झालं नाही. रांजणगावच्या कंपन्यांत मुलांना घेत होते, मुलींना पॅकिंगला. पॅकिंगला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात कॉलेजच्या फळ्यावर एक कागद लागला. लहान मुलांना श्वसनाचे आजार देणाऱ्या विषाणूंवर एका लसीची चाचणी आपल्या भागात होणार होती आणि वस्तीवर फिरायला माणसं हवी होती. विज्ञानाचे पदवीधर असतील तर उत्तम. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मोबाईल नुकते हातात येत होते, आणि ‘प्रोजेक्टवर आहे’ असं म्हणण्यात मोठा रुबाब होता.

आई भाकरी थापत होती. मी सांगितलं, नोकरी लागली.

“काय करायचं त्यात?”

“लहान पोरांच्या नाकातला नमुना घ्यायचा.”

“नमुना म्हंजी?”

“शेंबूड.”

आईचा हात परातीतच थांबला. “एवढं शिकून शेंबूड गोळा करनार? त्यो तर हितं फुकाट व्हता गं.”

दादा दारात बसले होते. ते म्हणाले, “त्ये लोक तपासून बघनार हायत त्यात काय हाय ते. आपन नुस्ता पुसला.”

काम समजायला सोपं होतं. काही वस्त्यांवरच्या मुलांना ही नवी लस मिळणार, काहींना दुसरीच एक उपयोगाची लस. कुणाला कुठली ते आम्हालाही सांगायचं नाही, म्हणजे आमच्या हातून लबाडी होणार नाही. मग दर आठवड्याला ठरलेल्या वारी घरोघर जायचं. मुलाला सर्दी, खोकला, ताप असेल तर कापसाची काडी दोन्ही नाकपुड्यांत घालून फिरवायची, गुलाबी पाण्याच्या कुपीत बुडवायची, खुणेवर मोडायची, झाकण लावायचं, कुपी बर्फाच्या पेटीत. संध्याकाळी जीप येऊन पेटी न्यायची, पुण्याच्या प्रयोगशाळेत. काडीवर नाकातलं आलंच पाहिजे. तेच नसेल तर मूल कशानं आजारी पडलं ते कळणार नाही, आणि ते कळलं नाही तर लस चालते की नाही तेही कळणार नाही. माझ्या वाट्याला भीमेच्या अलीकडच्या सहा वस्त्या आल्या. बऱ्याचशा आमच्यासारख्याच, मेंढरं सोडून जमिनीला चिकटलेल्या.

पहिली सभा देवळापुढं झाली. पुण्याहून आमच्या मोठ्या मॅडम आल्या होत्या, स्वतः डॉक्टर. त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टर होता. समोर पोरं गोळा झालेली, आणि हा गडी तोंडाला पांढरा रुमाल लावून जीपच्या दाराशी टेकून उभा. मला त्याची अशी किळस आली! मनात म्हटलं, सर्दीवर औषध शोधायला निघालाय आणि सर्दी बघवत नाही.

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. वस्तीवरचे एक वजनदार आबा पुढं बसले होते. ते ऐकून घेऊन म्हणाले, “बरं काम हाय. माझी समदी वस्ती लिहून घ्या. मी अंगठा देतो.”

“आबा, असं चालणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “प्रत्येक मुलाच्या आईनं नाहीतर वडिलांनी स्वतः ऐकून ‘हो’ म्हणायला हवं. ‘नाही’ म्हटलं तरी आमचं काही म्हणणं नाही.”

“म्हंजी माझ्या शब्दाला किंमत न्हाई?”

“आहे की. पण सुई तुम्हाला टोचायची नाहीये.”

बायका पदराआड हसल्या. आबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी घरोघर बसून संमतीचे चार कागद वाचून दाखवले. बायकांना दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल जास्त प्रश्न होते.

“आमच्या पोराला कंचं इंजिक्शन द्येनार, नवं का जुनं?”

“ते मलाही माहीत नाही.”

“आगं मग तू शिकलीस काय?”

तरी बहुतेकींनी हो म्हटलं. एकीनं नाही म्हटलं, तेही मी नीट लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, अवघड काम संपलं.

थंडी पडली आणि आजारपणं सुरू झाली. माझे वार ठरलेले होते. मंगळवारी पहिली वस्ती, बुधवारी दुसरी, असं. आणि खरं सांगते, मला माझ्या वस्त्यांचा अभिमान वाटायला लागला होता. मी गेले की पोरं ओळीत तयार असायची. न्हाऊन, भांग पाडून, तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ, गालावर तीट. ताप आलेलं पोरसुद्धा चकचकीत. नाक आरशासारखं. मी काडी घालायची, फिरवायची, कुपीत सोडायची. माझ्या हाताला घाण लागत नव्हती, आणि याचा मला मनातून आनंद होता. दौंडच्या बाजूला काम करणारा एक सहकारी होता, बागायतदाराचा मुलगा, बी.एस्सी. माझ्याच वर्षी झालेला. तो सांगायचा, पोरांच्या शेंबडानं त्याची पँट भरते. मी मनात म्हणायची, तुमच्याकडं बागायत असेल, पण पोरांना नाक पुसायला शिकवलेलं नाही.

महिन्याची बैठक दौंडला स्टेशनाजवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये व्हायची. मालगाडी आली की ती जाईपर्यंत सगळे गप्प. त्या दिवशी मॅडमनी माझं नाव घेतलं आणि नेमकी मालगाडी आली. डबे मोजावेत इतका वेळ मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि त्या माझ्याकडं. गाडी गेली.

“ताई, तुमचे नमुने परत आलेत. जवळजवळ सगळे.”

“म्हणजे?”

“काडीवर नाकातलं काही नाहीच. आणि बऱ्याच कुप्यांमध्ये वर तेलाचा तवंग आहे.” त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं. “मला सरळ विचारायचंय. तुम्ही वस्तीवर जाता का? की घरीच काड्या बुडवता?”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. दौंडचा तो बागायतदाराचा मुलगाच. “तेल म्हंजे ताई भजी तळता तळता भरत असतील कुप्या,” तो म्हणाला, आणि मग सगळेच हसले.

माझं अंग पेटलं. मी उभी राहून म्हटलं, मी एकही घर चुकवलेलं नाही, एकही काडी खोटी नाही. मॅडम म्हणाल्या, मान्य, पण कुप्या तसं सांगत नाहीत. पुढच्या महिन्यातही असंच आलं तर तुमच्या सहाही वस्त्या अभ्यासातून काढाव्या लागतील. नमुन्यांशिवाय मुलांना ठेवण्यात अर्थ नाही. आणि तुम्हालाही.

त्या वाक्यातला शेवटचा शब्द मी एसटीत बसून भीमेचा पूल येईपर्यंत चघळत राहिले. नोकरी जाण्याची भीती होतीच. पण आमच्या वस्त्या खोटारड्या म्हणून बाहेर काढल्या जाणार, मेंढरांमागं फिरणाऱ्यांच्या हातात काम दिलं की असंच होतं असं कुणीतरी चहा पिता पिता बोलणार, आणि ते बोलायला निमित्त मी दिलेलं असणार. पहिल्या पदवीधर मुलीनं. ते मला पचत नव्हतं.

बस सुटायच्या आधी तो दौंडचा गडी खिडकीशी आला होता. आता हसत नव्हता.

“मनाला लावून घिऊ नको. मी तुला माझ्या दहा-बारा काड्या देतो. तुझं नंबर टाक आन् सोड.”

“तुझ्या म्हणजे कुठल्या?”

“आमच्या घरातच चार पोरं हायत ना. बारमाही गळतंय त्यांचं. मी तर निम्म्या वस्त्यांचं तिथंच भरतो. कोण बघतंय? नाक ते नाक.”

महिनाभर ज्याच्या कुप्या उत्तम म्हणून दाखवल्या जात होत्या, त्या एकाच घरातल्या चार नाकांतून निघालेल्या होत्या. त्यानं ते मदत म्हणून सांगितलं, मनापासून, आणि त्यामुळंच मला त्याची जास्त किळस आली. शेंबडाची किळस एकवेळ धुऊन जाते. मी म्हटलं, “तुझ्या काड्या तुझ्याजवळ ठेव.” तो म्हणाला, “लई शानी हाईस,” आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. माझा वार मंगळवार. मी ठरवलं, वार बदलायचा, कुणाला न सांगता जायचं. सकाळी नऊच्या सुमाराला पहिल्या वस्तीवर पोचले. पहिल्याच अंगणात दीड वर्षाचा एक पोरगा मातीत बसला होता. दोन्ही नाकपुड्यांतून पिवळ्या-हिरव्या दोन धारा वरच्या ओठापर्यंत, तिथून तोंडात. अंगात ताप. असं नाक मी महिनाभरात माझ्या वस्त्यांवर पाहिलंच नव्हतं.

त्याच्या आईनं, एका कोवळ्या सुनेनं, मला पाहिलं आणि तिची पाचावर धारण बसली. “आत्या, आवो आत्या, ताई आली! आज मंगळवार न्हाई ना?” तिनं पोराला उचललं आणि आत पळाली. मी मागोमाग गेले. सासूबाई चुलीपुढं होत्या, साठीच्या पुढच्या, कपाळावर मोठं आडवं कुंकू. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पोराला मांडीवर आडवं घेतलं, वाटीतलं कोमट तेल बोटानं दोन्ही नाकपुड्यांत सोडलं, फडकं पिळून आत घातलं, फिरवलं, ओढलं. पोर किंचाळलं. नाक लख्ख.

“हां,” त्या म्हणाल्या, “आता घाला तुमची काडी.”

मी काडी काढलीच नाही. “आत्या, दर वेळी असंच करता?”

“मग? तू यायच्या आधी समदी वस्ती करती. वाडीत कुनाच्या घरात तेल नसलं तर आमच्याकडून नेत्यात.”

मी ओरडले. खूप ओरडले. मला शेंबूडच पाहिजे, शेंबडासाठीच मी येते, तुम्ही तेवढाच नेमका फेकून देता, माझी नोकरी चाललीय, तुमच्या सगळ्या वस्त्या काढून टाकणार आहेत, एवढी चार पानं वाचून दाखवली तेव्हा कुठं होता तुम्ही? सून रडायला लागली. सासूबाई नाही रडल्या. त्यांनी फडकं चुलीजवळ टाकलं आणि माझ्याकडं सरळ बघितलं.

“वराडू नगंस. पहिल्या खेपेला आलीस तवा काय केलंस ते आठव.”

“काय केलं?”

“ह्या सुनेच्या थोरल्याचं नाक वाहत व्हतं. तू ववढनी तोंडाला लावलीस. आशी.” त्यांनी पदर नाकाशी धरून तोंड वाकडं करून दाखवलं, आणि ती नक्कल इतकी हुबेहूब होती की रडता रडता सून हसली. “समद्यांनी बघितलं. मी म्हनलं, आपल्यातलीच पोर, शिकून आली, तिला आता आपल्या लेकरांची शिसारी येती. तवा ती यायच्या आधी लेकरं सोच्छ करा. तिच्याम्होरं आपली शोभा नगं.”

आठवायला मला वेळ लागला नाही. ओढणी लावली होती. जीपला टेकून उभ्या राहिलेल्या त्या रुमालवाल्या डॉक्टरला मी मनात शिव्या दिल्या होत्या, त्याच आठवड्यात. त्यानं निदान लपवलं नव्हतं. मी संमतीचे कागद वाचताना गोड बोलत होते आणि ओढणीनं वेगळंच सांगत होते, आणि बायकांनी कागदापेक्षा ओढणीचं ऐकलं होतं. कुणाची किळस करावी याची माझी यादी त्या सकाळी चुलीपुढं बसून संपली. सगळ्यात वर मी होते.

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “बरं बरं, च्या घे.”

वाटलं, आता कळलं, सुटलं. कसलं काय. त्या आठवड्यात मी प्रत्येक घरी सांगितलं, माझ्या वारी नाक पुसू नका, तेल घालू नका, काडी घेतल्यावर मी स्वतः पुसून देते. सगळ्या माना डोलवायच्या, “व्हय व्हय, बराबर हाय,” आणि पुढच्या खेपेला पोरं पुन्हा लखलखीत. पाहुणी म्हणून घरात येणाऱ्या बाईपुढं घाणेरडं पोर न्यायचं नाही, हे त्यांच्या हाडात होतं. माझ्याही हाडात होतं. शब्दांनी निघणारं ते नव्हतंच.

महिना अर्धा संपला होता. गुरुवारी एका वस्तीवर पापड लाटायला पंधरा-वीस बायका एका अंगणात जमल्या होत्या. पहिल्या वस्तीवरच्या त्या सासूबाईही नातेवाईक म्हणून आलेल्या. अंगणाच्या कडेला, पापडांपासून लांब, तीनेक वर्षांची एक मुलगी बसवून ठेवली होती. कारण दिसतच होतं. धार हनुवटीपर्यंत. तिची आई मला पाहून फडकं शोधायला उठली.

मी पेटी खाली ठेवली. ओढणी कमरेला खोचली. जाऊन त्या मुलीला उचललं आणि मांडीवर घेऊन सगळ्या बायकांच्या मधोमध बसले. म्हटलं, “च्या द्या मला.”

कुणी लाटणं हलवेना. चहा आला. मुलीनं माझ्या खांद्यावर तोंड टेकलं आणि नाक माझ्या मानेवर पुसलं. गरम, चिकट, मानेवरून आत कपड्यात गेलेलं मला कळत होतं. मी बशीत चहा ओतला. ती खोकली, बशीत काय उडालं ते उडालं. मी तो चहा प्यायले, सगळा. तेव्हा माझ्या मनात कसलंही प्रेम आलं नव्हतं. खोटं कशाला लिहू. घशाशी आलेलं मी चहाबरोबर गिळत होते. एकच धरून ठेवलं होतं की तोंड वाकडं करायचं नाही. चहा संपल्यावर काडी काढली, तिच्या नाकात फिरवली, आणि ती ओली, शेंबडाची तार सुटलेली काडी वर धरून सगळ्यांना दाखवली. “हे. हे पाहिजे मला. पुसलेलं नको.”

मग सासूबाई म्हणाल्या, “आगं बया, गिळला की गं तिनं!” आणि अख्खं अंगण हसायला लागलं. एकजण म्हणाली, “ताई, आमच्याकडं या की, आमच्या पिंट्याचा बघा, हातभर येतो.” दुसरी म्हणाली, “तुमचा पिंट्या कशाचा, माझ्या सासऱ्याचा बघा!” गोठ्याच्या मागं जाऊन मी जे काय ओकले ते त्यांना दिसलं नाही. निदान मी तसं समजते.

पुढच्या आठवड्यापासून पोरं जशी होती तशी समोर यायला लागली. उलट आता हौस सुरू झाली. मी वाटेवर दिसले की ओरडायच्या, “ताई, आज लई आलाय, लवकर या!” एका घरी तर आजीनं सकाळी पोराचं नाक शिंकरून ते वाटीत झाकून ठेवलं होतं, मला उशीर झाला तर वाया जायला नको म्हणून. वाटीवर ताटली, ताटलीवर दगड, मांजर येऊ नये म्हणून. ते घेता येत नाही, ताजंच लागतं, हे त्यांना समजावताना मी हसत होते, पण वाटीकडं बघत नव्हते. त्या म्हणाल्या, “आसं व्हय. मग सकाळीच येत जा की.” आणि वाटी विसळून ठेवली. त्या घरचा चहा मी त्या दिवशी घेतला नाही. सगळंच काही बदललं नव्हतं माझ्यात.

एक काम राहिलं होतं. दौंडच्या त्या गड्याबद्दल मी मॅडमना सांगितलं. तोंडी नाही, कागदावर, खाली सही करून. सहकाऱ्याची चुगली करणं मला आवडत नाही, हे खरं. पण त्याच्या वस्त्यांवर आजारी पडणारी पोरं त्याच्या घरातल्या चार पोरांच्या नाकांखाली पुरली जात होती. त्यांना काय झालं ते कधीच कुणाला कळणार नव्हतं. त्याच्या कुप्या पुन्हा तपासल्या आणि बाजूला काढल्या. त्याचं काम गेलं. तो नंतर मला दौंडच्या स्टँडवर भेटला तेव्हा थुंकला, माझ्यावर नाही, शेजारी. मी बाजूला सरकले नाही.

महिन्याच्या बैठकीत मॅडमनी पुन्हा माझं नाव घेतलं. या वेळी मालगाडी नव्हती.

“ताई, तुमच्या कुप्या आल्या. गेल्या दोन आठवड्यांच्या सगळ्या नीट आहेत.” आणि म्हणाल्या, “मागच्या वेळी मी जे विचारलं ते चुकीचं होतं.”

“विचारायचं ते बरोबरच होतं मॅडम,” मी म्हटलं. “उत्तर मला माहीत नव्हतं.” आणि तेल, ओढणी, सगळं सांगितलं, हॉलमध्ये सगळ्यांपुढं. चहाचं सांगितलं नाही, ते जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं, त्याच्यापर्यंत ते आधीच पोचलं होतं. तो रुमालवाला तरुण डॉक्टरही तिथं होता. तो खाली बघत होता. मला त्याच्यावर रागावण्याची जागा उरली नव्हती.

मॅडमनी कार्यकर्त्यांच्या सूचनांच्या कागदात एक ओळ घालायला सांगितली, आणि ती मीच मराठीत लिहिली. भेटीच्या दिवशी बाळाचं नाक पुसू नये, तेल सोडू नये. आणि कार्यकर्त्यानं बाळापुढं स्वतःच्या नाकातोंडाला कापड लावू नये. आता, जग एवढं मास्क लावून फिरून आल्यावर, त्या ओळीचा शेवट वाचून डॉक्टर लोक डोक्याला हात लावतील. लावू द्या. तेव्हा ती ओळ नसती तर आमच्या वस्त्यांमधून एक कामाची काडी निघाली नसती.

अभ्यास आणखी दोन हिवाळे चालला. लस किती चालली, कुणाला कुठली मिळाली होती, ते शेवटी मोठ्या तक्त्यांमधून कळलं आणि मी ते बायकांना पुन्हा त्याच अंगणांमध्ये बसून सांगितलं, कारण त्यांनी विचारलं होतं आणि त्यांचा तो हक्क होता. मला त्याच कामावर पुढं पर्यवेक्षक केलं. माझ्या हाताखाली नवीन पदवीधर आले. त्यांना मी पहिल्या दिवशी कागद वाचायला देत नसे, आधी वस्तीवर नेऊन चहा प्यायला लावत असे.

अभ्यास संपला तेव्हा माझ्या सहाही वस्त्या त्यात होत्या, आणि त्यांच्यातल्या एकाही मुलाचा नमुना खोटा नव्हता.